जुवाखालून

त्यांना सगळे मूळसर म्हणत. तोंडावर नुसतं ‘सर’, पाठीमागे ‘मूळसर’, आणि चहाच्या टेबलाशी चार टवाळ जमलेच तर ‘मूळव्याध’. कारण साधं होतं. इंग्रजी शब्द कुठलाही असो, त्याचं मूळ उकरल्याशिवाय सर पुढे सरकत नसत. शब्द पाठ करू नका, त्याच्या मुळाशी जा, मग तो जन्मात विसरणार नाही, हे त्यांचं वाक्य बावीस वर्षांत हजारोंनी ऐकलं होतं. या पद्धतीवर त्यांनी एक पुस्तिकाही काढली होती, पिवळ्या पुठ्ठ्याची, एकशे बारा पानांची. तिच्या सात आवृत्त्या निघाल्या आणि सातही आवृत्त्यांत त्यांनी एक काना-मात्रा बदलली नाही. याचाही त्यांना अभिमान होता.

सर कुठल्या शाळेत नव्हते. निरनिराळ्या खात्यांतल्या नोकरदारांना बढतीसाठी इंग्रजीचा पेपर द्यावा लागे, त्यांचे वर्ग ते घेत. त्या वर्षी त्यांच्याकडे मोठ्या सरकारी हॉस्पिटलातल्या नर्सेसचा वर्ग होता. आठवड्यातून दोन दिवस, दुपारी दोन ते चार, तळमजल्यावरच्या प्रशिक्षणाच्या खोलीत. खोलीत सरावाचा एक पलंग, त्यावर गळ्यापर्यंत चादर ओढलेला रबरी पेशंट, भिंतीशी सलाईनचे चार-पाच स्टँड, एक फळा आणि सव्वीस खुर्च्या. सकाळची ड्यूटी उरकून आलेल्या बायका त्या खुर्च्यांत बसून जांभया दाबत आणि सर त्यांना हसवून जागं ठेवत. हसवण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

दाराजवळच्या खुर्चीत थोरल्या सिस्टर बसत. वयाची बावन्न वर्षं पूर्ण. अंगानं उंच, हाडापेरानं मजबूत, पण अठ्ठावीस वर्षं पेशंट उचलून उचलून कंबर कामातून गेलेली. युनिफॉर्मच्या आत त्यांनी पट्टा बांधलेला असे. मेट्रनच्या जागेसाठी सगळ्या बाजूंनी पात्र, फक्त इंग्रजीचा पेपर राहिलेला, आणि त्रेपन्नच्या पुढे ती परीक्षा देता येत नसे. म्हणजे ही शेवटचीच संधी. बाकीच्या जणी शब्द वहीत उतरवून घेत आणि वही मिटत. थोरल्या सिस्टर सुट्टीच्या दिवशी सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन तेच शब्द, आणि पुस्तिकेतल्या पुढच्या धड्यांचेही, मोठ्या कोशात पाहत. सरांना याचा पत्ता नव्हता. त्यांना एवढंच माहीत होतं, की या बाई कंबरेला पट्टा बांधतात, हसतात कमी आणि लिहितात जास्त. हसत नाही त्याच्याबद्दल सरांच्या मनात नेहमीच थोडी अढी असे.

अठराव्या वर्गाचा धडा होता दुसऱ्याला नमवण्याच्या शब्दांचा. हा सरांचा हुकमी धडा. आणि नेमके त्याच दिवशी प्रशिक्षण अधिकारी मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसले. पुढच्या तीन वर्षांचं काम सरांना द्यायचं की दुसऱ्या कुणाला, हे त्यांच्या शेऱ्यावर ठरायचं होतं.

सर रंगात आले. फळ्यावर शब्दांची चळत रचली. सप्रेस म्हणजे खाली दाबणं, ऑप्रेस म्हणजे अंगावर दाब देणं, दोन्हीकडे मूळ एकच. “व्हँक्विश आणि कन्व्हिन्स ही सख्खी भावंडं. दोघांचं मूळ लॅटिनमधलं जिंकणं. तेव्हा कुणी तुम्हाला गोड बोलून कन्व्हिन्स केलं, की समजा, तुम्ही हरलात!” वर्ग हसला. “डॉमिनेट. डोमुस म्हणजे घर, डोमिनुस म्हणजे घराचा धनी. म्हणजे डॉमिनेट करणं ही भानगड सुरू होते घरातूनच.” लग्न झालेल्या जास्तच हसल्या. मागे अधिकारीही हसले. सरांनी ते डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपलं.

“आता सब्ड्यू. पान एकेचाळीस. सब म्हणजे खाली, डूकेरे म्हणजे नेणं. खाली नेणं, म्हणजे नमवणं. आहे की नाही सोपं?”

दाराजवळचा हात वर झाला.

“सर, एक विचारू?” थोरल्या सिस्टर उभ्या राहिल्या. वर्गात बोलायला त्या नेहमी उभ्या राहत. “मी कोशात पाहिलं तर वेगळं निघालं. लॅटिन शब्द तोच आहे, पण त्याचा अर्थ खाली नेणं असा नाही दिलेला. बाजूला ओढून नेणं, काढून घेणं असा दिलाय. मग जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा भुलवणं, फसवणं असा अर्थ झाला. दाबण्याचा अर्थ दुसऱ्याच एका लॅटिन शब्दाचा. दोन्ही दिसायला सारखे, म्हणून तो याला चिकटला. म्हणजे अर्थ चुकून आला, सर. बरोबर आहे का?”

प्रश्न अगदी सरळ होता. आवाजात काही नव्हतं, खोच नाही, मिरवणं नाही. एखाद्या डॉक्टरला पेशंटचा ताप सांगावा तसं त्या सांगत होत्या. पण सरांना ऐकू आलं ते निराळंच. त्यांना मागच्या भिंतीशी खुर्ची करकरल्याचं ऐकू आलं. कान तापले. खरं म्हणजे हा कोश त्यांनी त्या पानासाठी कधी उघडलाच नव्हता. बावीस वर्षांपूर्वी घाईत अंदाज बांधला होता, तो छापला गेला आणि छापला गेला म्हणून खरा झाला.

“सिस्टर,” सर म्हणाले, “इंजेक्शन दंडात द्यायचं की कमरेत, हे मी तुम्हाला शिकवतो का?”

हशा पिकला.

“नाही, मी फक्त...”

“कोश सगळेच उघडतात हो. कोश वाचायचा कसा, तेही शिकावं लागतं. बसा.” त्या बसल्या. पण सरांचं समाधान झालं नाही. त्यांची नजर भिंतीशी असलेल्या सलाईनच्या स्टँडांकडे गेली. “बरं, बसू नका. या पुढे. पुढचा शब्द सब्जुगेट. तो आपण करूनच बघू.”

हे प्रात्यक्षिक सरांचं ठरलेलं होतं. लॅटिनमधलं युगुम म्हणजे आपलं जू, बैलाच्या मानेवरचं. दोन्ही शब्द एकाच घरचे. रोमन लोक हरलेल्या शत्रूची हत्यारं काढून घेत, दोन भाले जमिनीत रोवून तिसरा आडवा बांधत आणि एकेका सैनिकाला त्याखालून वाकून जायला लावत. जुवाखालून, म्हणून सब्जुगेट. एरवी सर स्वतःच वाकून दाखवत आणि मध्येच कंबर धरून ‘आई गं’ म्हणून सगळ्यांना हसवत.

त्या दिवशी त्यांनी सलाईनचे दोन स्टँड ओढले, दोघींना ते धरायला लावले आणि फळ्याची लांब काठी आडवी ठेवली. उंची नेहमीपेक्षा खाली घेतली. छातीच्याही खाली.

“चला, थोरल्या सिस्टर. तुम्ही हरलेलं सैन्य.”

थोरल्या सिस्टरनी काठीकडे पाहिलं, मग सरांकडे. त्यांनी खिशातली कात्री आणि दोन पेनं काढून टेबलावर ठेवली, पडू नयेत म्हणून. कुणीतरी खुदखुदलं, “हत्यारं टाकली!” त्या वाकल्या. पट्ट्यामुळे कंबरेतून वाकता येईना, म्हणून गुडघे दुमडून, एक हात जमिनीला टेकवून पलीकडे गेल्या. जाताना केसांतली पिन काठीला अडकली आणि काठी खणकन खाली पडली. हशाचा लोट आला आणि मग तो मध्येच, कुणीतरी नळ बंद करावा तसा थांबला.

“आता हा शब्द विसरणार नाही ना?” सर म्हणाले.

“नाही, सर.”

त्यांनी कात्री उचलली, पेनं उचलली, खुर्चीत जाऊन बसल्या आणि चार वाजेपर्यंत लिहीत राहिल्या. अधिकाऱ्यांनी जाताना सरांच्या खांद्यावर हात ठेवला. “वा! काय जिवंत शिकवता! काम तुमचंच.”

घरी सरांची बायको मशीनवर बसली होती. ती कपडे दुरुस्त करून द्यायची. तोंडात टाचण्या धरून बोलायची तिला सवय होती.

“आज एकीची चांगली जिरवली,” सर बूट काढता काढता म्हणाले आणि सगळं रंगवून सांगितलं. काम मिळाल्याचंही सांगितलं.

बायकोनं तोंडातल्या टाचण्या काढल्या. “आणि तो शब्द? तिचं बरोबर होतं का?”

“बघायला लागेल.”

“म्हणजे न बघताच जिरवली.” तिनं मशीनचं चाक हातानं फिरवलं. “मीसुद्धा विचारायचे तुम्हाला. लग्न झालं तेव्हा. रोज एक शब्द.”

“मग सोडलंस का?”

“तुम्हाला नाही आठवत?” ती म्हणाली. “बरं आहे.” आणि मशीन सुरू केलं. मशीनच्या आवाजात पुढे काही बोलता येत नसे, हे दोघांनाही माहीत होतं. सरांना खरंच आठवेना, काय झालं होतं ते. पण काहीतरी झालं असणार, आणि आज जे झालं तशाच धर्तीचं असणार, हे त्यांना त्या क्षणी कळलं.

रविवारी ते ग्रंथालयात गेले. संदर्भाच्या दालनात कोशाचे जाडजूड खंड एका उतरत्या टेबलावर असत. ग्रंथपाल बाईंनी खंड काढून दिला. सरांनी पान काढलं. थोरल्या सिस्टरनी सांगितलं होतं ते अक्षर न् अक्षर तिथे होतं. ओढून नेणं, मग भुलवणं, आणि मग दुसऱ्या शब्दाचा अर्थ येऊन चिकटणं. सर दोनदा वाचून गेले.

“हे पान सध्या फार चालतंय,” ग्रंथपाल बाई हसून म्हणाल्या. “दोन आठवड्यांपूर्वी एक सिस्टर यावरच बसून होत्या. उंच आहेत, दर गुरुवारी येतात. मला बोलावून म्हणाल्या, जरा तुम्ही वाचून बघता का, माझं काहीतरी चुकतंय. मी वाचलं, म्हटलं बरोबर आहे तुमचं. तर म्हणाल्या, नाही, आमच्या सरांचं चुकणार नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा आल्या, पुन्हा वाचलं.”

सरांनी खंड मिटला. “कोण त्यांचे सर?” ग्रंथपाल बाईंनी सहज विचारलं.

“माहीत नाही,” सर म्हणाले, आणि बाहेर पायऱ्यांवर येईपर्यंत आपण काय बोललो हेच त्यांच्या ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं तेव्हा ते तिथेच थांबले. परत आत जाऊन ‘मीच तो’ म्हणावं, एवढंच करायचं होतं. ते घरी गेले.

थोरल्या सिस्टर पुढच्या वर्गाला आल्या नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाही. दाराजवळची खुर्ची रिकामी राहायची आणि येणारी-जाणारी तिला वळसा घालायची, जणू कुणी बसलंय. परीक्षेला बसायचं तर बत्तीसपैकी चोवीस वर्गांची हजेरी लागे. त्यांची अठरा भरली होती. सर हजेरीपत्रकावर त्यांच्या नावापुढे येत आणि थांबत. एके दिवशी त्यांनी खूण केली. हजर. पुढच्या वर्गाला पुन्हा. अशा सहा खुणा झाल्या तेव्हा त्यांना थोडं हलकं वाटलं. वाटलं, फिटलं.

ते पत्रक घेऊन ते वॉर्डात गेले. वॉर्ड लांबलचक, दोन्हीकडे पलंग, फिनेलचा वास. थोरल्या सिस्टर एका म्हाताऱ्या बाईच्या पायाची पट्टी बदलत होत्या. “येते हं, पाच मिनिटं,” त्या म्हणाल्या आणि पंधरा मिनिटांनी आल्या. मुद्दाम नव्हे, जखमच तशी होती.

“तुमची हजेरी पूर्ण आहे,” सर पत्रक पुढे करत म्हणाले. “सही करा. परीक्षेला बसता येईल.”

त्यांनी चष्मा लावून पत्रक वाचलं. “पण मी आले नव्हते.”

“ते मी बघून घेतलंय.”

“सर, आमच्याकडे न दिलेलं औषध दिलं म्हणून लिहिलं, तर माणूस मरतं.” त्यांनी खिशातून लाल पेन काढलं आणि त्या सहा खुणांवर एक-एक रेघ मारली, प्रत्येक रेघेशेजारी बारीक सही केली. सरांची मान खाली गेली.

“माझं चुकलं,” ते म्हणाले.

“काय?”

“तो शब्द. मी कोश पाहिला. तुमचंच बरोबर होतं.”

“शब्द काय, कुणाचाही चुकतो,” थोरल्या सिस्टर म्हणाल्या. त्या थोडं थांबल्या. त्या कशासाठी थांबल्या हे सरांना कळत होतं. काठीबद्दल एक वाक्य बोलायचं होतं. ओठांवर आलंही होतं. पण शेजारच्या पलंगावरचा माणूस टक लावून बघत होता, दारात वॉर्डबॉय उभा होता, आणि चार माणसांत ते वाक्य उच्चारणं सरांच्या जिवावर आलं. चार माणसांत करताना आलं नव्हतं. “बरं,” त्या म्हणाल्या, “मला राउंडची तयारी करायचीय.”

त्यानंतर आठ दिवस सरांना जेवण गोड लागलं नाही. पुस्तिकेचं एकेचाळिसावं पान त्यांनी दुरुस्त करून छापखान्यात दिलं, पण त्यानं काही होईना. पान दुरुस्त करताना तर आणखीच वाटलं, की आपण जिथे दुखत नाही तिथेच मलम लावतोय.

शेवटच्या वर्गात ते फळ्याकडे गेले नाहीत. टेबलाला टेकून उभे राहिले.

“थोरल्या सिस्टरनी सब्ड्यू या शब्दाबद्दल जे सांगितलं, ते बरोबर होतं,” ते म्हणाले. “माझं बावीस वर्षं चुकत होतं. ते एक सोडा. दुसरं जे मी केलं, त्याला चूक म्हणणं म्हणजे त्यावर पांघरूण घालणं होईल. मला त्यांच्या कंबरेचं माहीत होतं. तरी मी काठी खाली घेतली. मुद्दाम. त्यांना उत्तर देता येत नव्हतं म्हणून.”

नर्सेस आपापल्या हातांकडे बघत होत्या. मग स्टँड धरणाऱ्या दोघींपैकी एक, सगळ्यांत बडबडी, खालच्या आवाजात म्हणाली, “सर, हसलो आम्ही. स्टँडही मीच धरला होता. मी त्यांच्या हाताखाली शिकलेय.” तिचं तोंड वाकडं झालं आणि ती रडायला लागली. कुणी तिला गप्प केलं नाही. सरांना वाटलं होतं, सांगितलं की मोकळं वाटेल. उलट आता खोलीभर लाज पसरली होती, आणि ती वाटूनही कुणाच्या वाट्याला कमी येत नव्हती.

दोन दिवसांनी थोरल्या सिस्टर त्यांना लांब व्हरांड्यात भेटल्या. औषधांचा ट्रे हातात होता.

“ऐकलं मी,” त्या म्हणाल्या. “बरं केलंत.”

“सिस्टर, मला...”

“थांबा, सर. मला एक बोलायचंय, दुसऱ्या कुणाशी बोलता येत नाही.” त्यांनी ट्रे खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. “माझे वडील सुतार होते. गाड्या करायचे, जू करायचे. जू काय असतं ते मला तुमच्याआधीपासून माहितीये. तरी मी वाकले. तुम्ही काही हात धरून वाकवलं नाही मला. नाही म्हटलं असतं, तर काय केलं असतं तुम्ही? काहीच नाही. मोठमोठ्या सर्जनना मी तोंडावर नाही म्हटलंय. मग त्या दिवशी का वाकले? रोज रात्री हेच डोक्यात. तुमचा राग नाही येत मला. माझीच लाज वाटते.”

सरांना वाटलं, आपल्याला कुणीतरी थोबाडीत मारावी. त्यांच्या वाट्याची लाज या बाई गेले दोन महिने पाठीवर घेऊन हिंडत होत्या आणि त्यांना ती स्वतःची वाटत होती.

“ती तुमची नाही,” ते म्हणाले. “ती लाज तुमची नाही, सिस्टर. माझी आहे. तुम्ही वाकलात कारण तुम्ही मला सर मानत होतात. मी त्याचा फायदा घेतला.”

त्यांनी सरांकडे नीट पाहिलं. पटलं की नाही, ते चेहऱ्यावर दिसलं नाही. “बघू,” त्या म्हणाल्या आणि ट्रे उचलून गेल्या.

सर तडक प्रशिक्षण अधिकाऱ्यांकडे गेले. सगळं सांगितलं. थोरल्या सिस्टर वर्गाला आल्या नाहीत याचं कारण मी आहे, त्यांना हजेरीची सूट द्या, म्हणाले. आपलं काम काढून घेतलं तरी चालेल, हेही म्हणाले.

“सर, तुम्ही फारच मनाला लावून घेता,” अधिकारी म्हणाले. “थोडी गंमत चालायचीच. सूट मात्र नाही देता येणार. एकीला दिली की दहा जणी येतील.”

“मग निदान माझं म्हणणं लेखी घ्या.”

“ठेवून जा.” त्यांनी कागद एका फायलीवर ठेवला, आत नाही. “आणि एक सांगू? तुमचं ते प्रात्यक्षिक मला इतकं आवडलं, की सगळ्या खात्यांच्या प्रशिक्षण केंद्रांना मी पत्रानं कळवलं. जू, काठी, सगळं. आता नऊ ठिकाणी करतात. लोक शब्द विसरत नाहीत म्हणे!”

सरांनी त्या नऊ केंद्रांचे पत्ते मागून घेतले.

परीक्षा झाली. थोरल्या सिस्टर बसल्या नाहीत. मेट्रनची जागा त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान असलेल्या सिस्टरना मिळाली आणि थोरल्या सिस्टर आपल्या वॉर्डातच राहिल्या. ग्रंथालयात मात्र जायच्या, असं ग्रंथपाल बाई सांगत. सरांनी त्यांना एव्हाना ‘त्यांचे सर मीच’ हे सांगून टाकलं होतं. त्यावर बाईंनी चष्म्यावरून पाहिलं होतं आणि पुढच्या माणसाची पावती फाडली होती.

नऊ केंद्रांना सरांनी पत्रं लिहिली. दोन केंद्रांची उत्तरं आली, ‘सूचनेची नोंद घेतली.’ मग ते स्वतःच निघाले. बायकोनं डबा भरून दिला. “काय सांगणार तिथे?” तिनं विचारलं. “जे झालं ते,” सर म्हणाले. ती बराच वेळ डब्याचं झाकण बसवत राहिली. “मला म्हणाला होतात,” ती म्हणाली, “की तुझ्या डोक्यात शब्द टाकणं म्हणजे चाळणीत पाणी ओतणं. तुमच्या मित्रांसमोर.” सर उंबऱ्यातच खाली बसले. तिनं डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. “जा आता. गाडी चुकेल.”

पहिल्या दोन केंद्रांवर ऐकून घेतलं गेलं. तिसरं केंद्र पाणीपुरवठा खात्याच्या इमारतीत होतं. सर पोहोचले तेव्हा वर्ग चालू होता. दाराला वर काच होती. त्यातून त्यांनी आत पाहिलं. दोन खुर्च्यांच्या पाठींवर एक लोखंडी पाइप आडवा ठेवला होता आणि पन्नाशीचा एक जाडसर कारकून, घसरू नये म्हणून चष्मा एका हातानं धरून, त्याखालून रांगत होता. वर्ग फिदीफिदी हसत होता.

सरांनी दार ढकललं. “थांबा,” ते म्हणाले. आवाज हशात बुडाला. शिकवणाऱ्या शिक्षकानं त्यांना ओळखलं, पुस्तिकेच्या मागच्या पुठ्ठ्यावर त्यांचा फोटो होता. “अरे, सर! या, या! मित्रांनो, ही पद्धत ज्यांची, ते हेच!” आणि टाळ्या सुरू झाल्या. टाळ्या चांगल्याच जोरात. रांगणारा कारकून पाइपाखालून बाहेर आला, गुडघे झटकले, चष्मा नीट केला, आणि तोही टाळ्या वाजवायला लागला.

टाळ्या थांबेपर्यंत सर उभे राहिले. मग त्यांनी पाइप उचलून भिंतीशी ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. पान एकेचाळीस, कोश, सिस्टर, कंबरेचा पट्टा, काठी किती खाली घेतली ते, सगळं. अडखळत सांगितलं, दोनदा पाणी मागितलं. कुणी हसलं नाही, आणि शेवटी कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. शिक्षक खिडकीबाहेर बघत होता.

बाहेर जिन्यात तो कारकून त्यांना गाठून म्हणाला, “अहो सर, एवढं काय त्यात! गंमत होती. मला काही वाटलं नाही.”

तो हसत होता, पण कान अजून लाल होते.

“मला वाटलं,” सर म्हणाले. “माफ करा.”

कारकुनानं हसू आवरलं. मान हलवून तो जिना चढून वर गेला. सरांनी खिशातून केंद्रांची यादी काढली आणि चौथ्या केंद्राचा पत्ता विचारायला चौकीदाराकडे गेले.